हवाहवासा व्यत्यय

नेरळला सूर्य पंचांगाच्या आधी मावळतो. गावाच्या पश्चिमेला माथेरानचा डोंगर उभा आहे. पंचांगातल्या सूर्यास्ताला वेळ असतानाच सूर्य त्याच्याआड जातो आणि सावली आधी पायथ्याच्या वाड्यांवर, मग बाजारपेठेवर, मग रुळांवर पसरत येते. डोक्यावर आभाळ उजळ आणि अंगणात दिवेलागण, अशी ती घटकाभराची वेळ. याच वेळी आमच्या आळीत टीव्ही लागतात. सुट्टीच्या दिवशी सातच्या सुमाराला मी दूध आणायला निघते, तेव्हा पहिल्या घराच्या खिडकीत सुरू झालेलं वाक्य चौथ्या घराच्या दारात पुरं होतं. सगळ्या घरांत तीच मालिका, तीच सून, तेच रडणं.

सुट्टीच्या दिवशी म्हणते, कारण एरवी त्या वेळी मी लोकलमध्ये असते. माझ्यासारखी कितीतरी माणसं रोज सकाळी नेरळहून मुंबईकडे निघतात. दोन तास जायला, दोन तास यायला. नवरा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर. मी घरी पोचते तेव्हा साडेआठ होऊन गेलेले असतात. सासूबाई टीव्हीसमोरच्या खुर्चीत, मुलगी दिवाणावर मोबाईल घेऊन. "आलीस?" असं त्या विचारतात, पण नजर पडद्यावरच असते. तक्रार करायला मला जागा नाही. चप्पल काढता काढता मीही पडद्याकडेच बघत असते. मग मालिकेत ब्रेक येतो आणि घर जागं होतं. सासूबाई आमटीला फोडणी देतात, मी डब्याची भांडी काढते, मुलगी उद्याच्या वहीला कव्हर मागते. ब्रेक संपला की सगळे पुन्हा आपापल्या जागी.

केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात. १० मिनिटं इतरांच्या, २ मिनिटं स्वतःच्या कार्यक्रमांच्या. आमच्या घरातलं संध्याकाळचं सगळं बोलणं या १२ मिनिटांत मावतं, हे एका रात्री ध्यानात आलं आणि मन थाऱ्यावर राहिलं नाही. हा लेख तिथून सुरू झाला.

०००

टीव्ही आमच्याकडे डोंगर ओलांडून आला. मुंबई दूरदर्शन केंद्राचं प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. दिल्लीनंतर देशातलं हे दुसरं केंद्र. वरळी ते नेरळ अंतर सरळ रेषेत पन्नासएक किलोमीटर, पण या लहरी सरळ जातात आणि वाटेत आठशे मीटर उंचीचा माथेरानचा डोंगर. सूर्य जिथे अडतो तिथेच चित्रही अडायचं. सासूबाई सांगतात, की कौलांवर उंच पाइप उभारून त्याला अँटेना बांधायचे, एक जण वर चढून ती फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं! आता गेलं!" ज्या घरात चित्र सगळ्यांत स्वच्छ दिसायचं, त्या घराला आळीत मान होता.

तेव्हाचा टीव्ही मोजका होता. संध्याकाळी सुरू व्हायचा आणि रात्री प्रक्षेपण संपलं की संपायचा. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' होतं. आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप' कार्यक्रमाभोवती तर गावोगावी ज्ञानदीप मंडळं उभी राहिली; पडद्यावर जे पाहिलं त्यावर माणसं एकत्र बसून बोलत, कामं उभी करत. मध्येच चित्र गेलं की पडद्यावर एकच शब्द यायचा, 'व्यत्यय'. माझ्या पिढीला हा शब्द शाळेत कुणी शिकवला नाही, तो टीव्हीनं शिकवला. व्यत्यय आला की माणसं उठायची नाहीत. पाटी जाईपर्यंत तिथेच गप्पा मारत बसायची.

२५ जानेवारी १९८७ ला रविवार सकाळचं 'रामायण' सुरू झालं. सासूबाईंच्या आठवणीत आजही त्या सकाळी ताज्या आहेत. एकाच घरात सगळी आळी, उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, पुढे मुलं, मागे बाया, दारात पुरुष. टीव्हीला हळदकुंकू वाहिलेलं. "कुणाच्या घरी कुणाला बरं नाही ते तिथं कळायचं," त्या म्हणतात. पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला 'महाभारत' आलं. १९९२ च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झाला. मग १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई-टीव्ही मराठी. घराघरात केबल आली, तशी चपलांची ती रास विरत गेली. आळीचा टीव्ही घराचा झाला, आणि मोबाईल आल्यावर घराचा टीव्ही ज्याच्या त्याच्या तळहातावर गेला.

आमचा मुलूख टीव्ही नुसता बघतो असंही नाही. नितीन देसाईंनी २००५ साली खालापूर तालुक्यात चौकजवळ एन. डी. स्टुडिओ उभारला. २००८ मध्ये घराघरात पोचलेल्या 'राजा शिवछत्रपती' मालिकेतले महाल आणि दरबार तिथे उभे होते. महाराष्ट्रानं जो रायगड पडद्यावर पाहिला तो आमच्या रायगड जिल्ह्याच्या मातीवर, लाकूड आणि प्लास्टरनं बांधलेला होता. त्या मालिकेनं लहान मुलांना शिवचरित्राची गोडी लावली, हे मी माझ्या भाच्यांत पाहिलं आहे. टीव्हीला सरसकट वाईट म्हणणं मला म्हणूनच जमत नाही. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा ज्या वाड्यांवर मोबाईलला रेंज नव्हती, तिथल्या मुलांनाही घरात टीव्ही असला की सह्याद्री वाहिनीवरच्या 'टिलीमिली'चा धडा मिळत होता. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी एमकेसीएलच्या पुढाकारानं तो २० जुलै २०२० पासून सुरू झाला होता. ज्या यंत्रानं ते दिवस तारून नेले, त्याच्याविषयी कृतज्ञ राहूनच पुढचं बोलायला हवं.

०००

आता आमच्या आळीतल्या सगळ्या छपरांवर डिशच्या थाळ्या आहेत आणि त्या सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून आहेत. आपल्याकडचे प्रसारणाचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, आपल्या रेखांशाच्या पूर्वेला आहेत. पश्चिमेचा डोंगर आता आड येत नाही. येतो तो पाऊस. डिशकडे येणाऱ्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर असते. आषाढाचा पाऊस माथेरानच्या कड्यावरून खाली कोसळायला लागला, की थेंबांच्या त्या दाट पडद्यात लहरी शोषल्या जातात, विखुरतात, आणि पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. जुना व्यत्यय नव्या नावानं परत येतो.

गेल्या पावसाळ्यात अशी एक रात्र आली. आधी सिग्नल गेला. पाच मिनिटं आम्ही पाटीकडेच बघत बसलो. मग लाईट गेली, आणि मोबाईलची रेंजही. मेणबत्ती लावली. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून परात आणली. दुसऱ्या दिवशीच्या बिरड्यासाठी वाल मोड काढून तयार होते. आमच्याकडचे कडवे वाल. आदल्या दिवशी भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून जरा दाबला की साल सुटते आणि आतला गर निसटून पाण्यात पडतो. जोर जास्त झाला तर दाणा दुभंगतो, मोड तुटतो. घरभराचे वाल सोलायला एका माणसाचा तास सहज मोडतो. रोज सासूबाई ते एकट्याच करतात, मालिका बघत.

त्या रात्री आम्ही चौघं परातीभोवती बसलो. पहिली दहा मिनिटं जड गेली. कुणाला काही बोलायचं सुचेना. मुलगी दोनदा मोबाईल उघडून रेंज आली का बघून आली. मग तिनं विचारलं, "आजी, तुम्ही लहान असताना वेळ कशी कळायची?" सासूबाई सांगायला लागल्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा घरात घड्याळ एकच, तेही सासऱ्यांच्या मनगटावर. चूल कधी पेटवायची, पोळ्या कधी टाकायच्या, हे सगळं गाड्यांवर ठरायचं. ही गाडी धडधडत गेली की भात, ती थांबली की माणूस घरात. "मुंबईहून यायच्या गाडीचा भोंगा ऐकला की मी तव्यावर पोळी टाकायची. तुझे आजोबा दारात आणि पोळी पानात." मुलगी वाल हातात धरून ऐकत राहिली. मी बारा वर्षं या घरात आहे. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

अर्ध्या तासात परात रिकामी झाली होती. लाईट आली तेव्हा टीव्ही आपोआप सुरू झाला आणि आम्ही चौघंही दचकलो.

०००

त्या रात्रीचं मनावर घेऊन मी घरात नियम केला. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद. चार दिवस चालला. पाचव्या दिवशी मी घरी आले तर सासूबाई शेजारच्या घरी टीव्हीसमोर, आणि मुलगी मैत्रिणीकडे. भिंतीपलीकडून शीर्षकगीत ऐकू येतच होतं. घरात मी एकटी, आणि शांतता.

सासूबाईंना मी विचारलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू सात पाचच्या गाडीनं जातेस. तो पाळीवर जातो. पोरगी शाळेत. दिवसभर या घरात माणसाचा आवाज त्या डब्यातनंच येतो. तो बंद करायला सांगतेस, मग बोलायला कोण येणार ते पण सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टीव्हीनं आमच्यातला वेळ चोरला असं मी समजत होते. खरं तर तो वेळ आम्ही आधीच गाडीला, पाळीला, शिकवणीला देऊन टाकला होता. रिकाम्या झालेल्या जागेत टीव्ही येऊन बसला आणि घरात एकट्या राहिलेल्या बाईला त्यानं सोबत दिली. त्याला उठवायचं तर त्या जागी माणूस येऊन बसायला हवा. माझा नियम सात वाजता सुरू होत होता आणि सात वाजता मी स्वतः लोकलमध्ये होते.

दुसरी चूक अशी, की मी हे एकटीनं करायला गेले. आमच्यापासून डोंगरावर गेलं की माथेरान आहे. तिथे मोटारगाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे पायी किंवा घोड्यावर. रुग्णवाहिकेसारखे अपवाद आहेत, अलीकडे ई-रिक्षाही आल्या, पण खासगी गाडी कितीही महाग असली तरी नाक्यावरच राहते. तिथे चालताना कुणाला कमीपणा वाटत नाही, कारण शेजारचाही चालतोच आहे. एकट्यानंच गाडी खाली ठेवून चालायचं ठरवलं असतं, आणि बाकीच्यांच्या गाड्या धूळ उडवत शेजारून गेल्या असत्या, तर तो निश्चय दोन दिवस टिकला नसता. टीव्हीचंही तेच आहे. पडदा बंद करायचा तर नाका सगळ्यांचा एक हवा.

०००

असा नाका एका गावानं बांधला आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तीनेक हजार वस्तीचं, ऊसशेती आणि साखर कारखान्यावर जगणारं गाव. करोनात मुलांच्या हातात अभ्यासासाठी मोबाईल आले, आणि शाळा उघडल्यावरही ते हातातून सुटेनात. मोठी माणसंही बोलायची सोडून पडद्यांत बुडालेली. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला. सुरुवातीला हसणारे बरेच होते. बायकांनी मात्र तो मनावर घेतला. आपलाही वेळ टीव्हीत आणि मोबाईलमध्ये जातो, हे त्यांनी उघडपणे मान्य केलं. १५ ऑगस्ट २०२२ पासून गावात रोज संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. पहिल्या दिवसांत आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना समजावत होते. दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं.

मला त्यात सगळ्यांत मोलाचा वाटतो तो भोंगा. आईनं बंद केलेला टीव्ही हा आईचा जाच असतो. गावानं बंद केलेला टीव्ही ही गावाची रीत होते, आणि घरातलं भांडण घरात शिरण्याआधीच मिटतं. मालिका चुकली म्हणून कुणी मागे पडत नाही, कारण ती शेजारणीचीही चुकलेली असते. वडगावचं पाहून इतर गावांनीही हे केलं. डिसेंबर २०२४ मध्ये बेळगावजवळच्या हलगा गावानं सात ते नऊ असा दोन तासांचा भोंगा सुरू केला.

एका अख्ख्या देशानंही हे करून पाहिलं आहे. आइसलँडमध्ये सरकारी टीव्ही १९६६ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून गुरुवारी प्रक्षेपण नसायचं. शिवाय जुलै महिनाभर टीव्ही बंद. त्यांचा उन्हाळा छोटा, तो माणसांनी बाहेर काढायचा. जुलैची सुट्टी १९८३ पर्यंत टिकली आणि गुरुवारची १ ऑक्टोबर १९८७ ला संपली. वीसएक वर्षं तिथल्या माणसाला गुरुवारी काय बघू हा प्रश्नच पडला नाही. भेटीगाठी गुरुवारी ठरायच्या. आपल्याकडेही दूरदर्शनच्या त्या मोजक्या तासांनी हेच काम केलं होतं. तेव्हा टीव्ही स्वतःहून थांबत होता. आता तो थांबत नाही, म्हणून थांबायचं काम आपल्याकडे आलं आहे.

०००

वडगावची वेळ नेरळला चालणार नाही. तिथला माणूस साताला शेतातून घरी आलेला असतो. आमचा माणूस साताला कल्याणच्या अलीकडे लोकलच्या दारात लोंबकळत असतो. साताचा भोंगा आमच्याकडे वाजला तर तो म्हाताऱ्यांना आणि मुलांना शिक्षा होईल. ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं अजून वाटेतच. शिवाय नेरळ आता लहान गाव राहिलेलं नाही. नव्या इमारती, मुंबईकरांची शनिवार-रविवारची घरं, जुन्या आळ्या, पायथ्याच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या, या सगळ्यांना एका भोंग्यात बांधणं कठीण. प्रत्येक आळीनं, वाडीनं, सोसायटीनं आपापली वेळ ठरवावी लागेल, आणि ती घड्याळाकडे बघून ठरवण्यापेक्षा माणसं घरी कधी येतात ते बघून ठरवावी लागेल.

आमच्या आळीपुरतं आम्ही ते केलं. गणपतीत आरतीला सगळे जमले होते, तेव्हा विषय काढला. सासूबाईंनीच काढला, मी नाही. त्या म्हणाल्या, "सातची मालिका आम्ही बघणार. ती सोडायची नाही. पण गाडी आली की बंद." रोज नाही, आठवड्यातून तीन रात्री. मंगळवार, गुरुवार, शनिवार. साडेआठच्या सुमाराची कर्जत लोकल स्टेशनात शिरली की चार घरांतले टीव्ही बंद, मोबाईल फडताळात, दहा वाजेपर्यंत. पाच घरं होती, एक नाही म्हणालं. त्यांच्याशी आमचं बोलणं तसंच आहे.

यानं आम्ही बदलून गेलो असं मी म्हणणार नाही. काही रात्री दीड तास नुसता रेंगाळतो. मुलगी चिडते, क्रिकेटचा सामना असला की नवरा चिडतो आणि दोन गुरुवार आम्ही सोडूनही दिले आहेत. पण पहिल्या दहा मिनिटांचा जडपणा आता पाच मिनिटांवर आला आहे. आम्ही काय बोलतो म्हणाल तर भाजीचा भाव, शाळेतली भांडणं, शेजारच्या आजोबांचं गुडघ्याचं दुखणं. त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं हे आम्हाला अशाच एका मंगळवारी कळलं. 'रामायणा'च्या चपलांच्या ढिगापाशी जे कळायचं ते.

२ ऑक्टोबर ही मुंबई दूरदर्शनची जन्मतारीख. 'महाभारत' त्याच तारखेचं, झी टीव्ही त्याच तारखेचा. आणि महाराष्ट्रात ग्रामसभा भरायच्या ठरलेल्या दिवसांपैकीही तो एक आहे. वडगावचा भोंगा अशाच दुसऱ्या एका दिवशी, १५ ऑगस्टला वाजला. पाणी, रस्ते, गटारं यांच्याबरोबर संध्याकाळचा एक तास हाही गावाचा विषय आहे, हे ग्रामसभेच्या पटावर यावं असं मला फार वाटतं. कारण घरातल्या माणसांनी एकमेकांकडे बघायला वेळ कधी काढायचा, हे प्रत्येक घरानं एकट्यानं सोडवायचं कोडं राहिलेलं नाही. जे सगळ्यांच्या घरात एकाच वेळी शिरलं, त्याला थोडा वेळ बाहेर ठेवायचं तर सगळ्यांनी एकाच वेळी उठावं लागतं.

सासूबाईंना आता वेगळ्या भोंग्याची गरज नाही. परवा मी गाडीतून उतरून घराकडे चालत आले तेव्हा गाडी पुढे भिवपुरीकडे निघाली होती आणि तिचा भोंगा वाजला. आळीत शिरले तर पहिल्या घरातला आवाज बंद झालेला, दुसऱ्या घरातला होत होता. आमच्या दारात मुलगी पायरीवर बसली होती. आतून तव्याचा वास आला.

"आई, लवकर हातपाय धू," ती म्हणाली. "आजीनं पोळी टाकलीय."